मी काय विचारलं, सांग बघू

माझी मुलगी आज जिवंत आहे ती डॉक्टरीणबाईंमुळं. काय घडलं ते पुढं सांगतेच, पण हे आधी सांगून टाकते. मला लिहायची सवय नाही, मध्येच कुठं भरकटले तर निदान मुख्य माणूस राहून जायला नको. बाईंचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. बारामती-इंदापूरकडच्या बायका त्यांना 'परतसांग बाई' म्हणत. तेच पुरे.

मी रत्नागिरीकडची, खाडीकाठची. शाळा मराठी चौथीपर्यंत. पाचवी खाडीपलीकडं होती आणि भरतीच्या वेळी होडीत मुलीला कोण बसवणार, म्हणून घरच्यांनी दप्तर काढून घेतलं. पुढं लग्न झालं आणि घाट चढून बारामतीला आले. यजमान कालव्याच्या खात्यात, पाणी सोडण्याच्या कामावर. महिन्यातले बरेच दिवस ते इंदापूरच्या अंगाला चौकीवर असत. मागं मी आणि मुलगी. मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटे. बोलायची वाटे, कारण मी तोंड उघडलं की शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसत. भाकरीची वाटे, कारण माझी भाकरी तव्यावर पडायच्या आतच फाटे. आणि सगळ्यात मोठी भीती मुलीची. सव्वा वर्षाची होती. तांदळाच्या पेजेवर वाढलेली पोर इथल्या बाजरीवर आली, आणि त्या हिवाळ्यात ती दिवसेंदिवस मंद होत चालली. रडणंसुद्धा कमी केलं होतं तिनं. लोक म्हणत, शहाणी आहे. मला ते शहाणपण काही बरं वाटत नव्हतं, पण सांगणार कोणाला?

त्याच सुमारास पुण्याहून एक पाहणी आली. तीन वर्षांच्या आतली मुलं काय खातात, ते घरोघर जाऊन त्यांच्या आयांना विचारायचं. प्रश्न छापून आले होते. विचारायला ह्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि बाईंना उत्तरं लिहून घेणारं एक बाईमाणूस हवं होतं. मी गेले तेव्हा तिथं आधीच दोघी बसलेल्या, एक मास्तरांची बायको, दुसरी दवाखान्यात काम केलेली. दोघी माझ्यापेक्षा शिकलेल्या. मी चप्पल दाराबाहेर काढली ती तशीच परत घालावी असं वाटत होतं.

बाईंनी मला विचारलं, "तू इथली नाहीस ना?"

"नाही."

"इथल्या बायका बोलतात ते कळतं का?"

मी घाबरून खरं तेच सांगितलं. "अर्धं कळतं."

"झकास," बाई म्हणाल्या. "उरलेलं अर्धं तू विचारशील. ह्या दोघींना सगळं कळतं, त्या कशाला विचारतील?"

अशी मला नोकरी लागली. त्या दिवसापासून बाईंनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांची 'कोकण' झाले. "कोकण, दौत घेतलीस का? कोकण, कुत्र्याला घाबरू नकोस, ते तुझ्यापेक्षा घाबरलंय."

बाई उंच, हाडापेरानं मोठ्या, चाळिशी ओलांडलेल्या. नऊवारी लुगडं आणि पायात पुरुषी बूट. हातात काळी पुरुषी छत्री असे, पण ती उन्हात कधी उघडली नाही. ती कुत्र्यांसाठी होती, आणि आमच्या पाहणीचे साहेब यायचे तेव्हा टेकायला. कोणाच्याही घरात शिरण्याआधी त्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडं देत. बायका घड्याळाकडं बघतात आणि घाईनं काहीतरी बोलून मोकळ्या होतात, असं त्यांचं म्हणणं. घरात शिरल्या की पहिली गोष्ट म्हणजे समोर दिसेल ते सूप ओढायचं आणि धान्य निवडायला घ्यायचं. निवडणं त्यांना मुळीच येत नसे. खडे राहत आणि चांगले दाणे अंगणात जात. पिंपळीच्या एका सासूबाईंनी त्यांच्या हातून सूप हिसकावून घेतलं होतं. "अवो डागदरीनबाई, तुमी सुया टोचा. आमच्या कोंबड्यांची एवढी काळजी नगं."

आणि आणखी एक गोष्ट, जिच्यामुळं त्या सगळ्या तालुक्यात ओळखल्या जात. प्रश्न विचारायचा झाला की त्या त्या आईकडं पाठ करून बसत. अगदी भिंतीकडं तोंड. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना काही बाधा आहे. दोन-तीन घरं झाल्यावर मी भीत भीत विचारलं.

"माझं तोंड बघितलं की ती मला आवडेल ते सांगते," बाई म्हणाल्या. "भिंतीला काय आवडतं हे तिला ठाऊक नाही, मग ती खरं सांगते."

उत्तर मिळालं की बहुतेक लोक पुढच्या प्रश्नाकडं जातात. बाई नाही. त्या भिंतीकडंच बघत म्हणत, "बरं. आता मी काय विचारलं, ते सांग बघू."

ह्या एका वाक्यानं गावोगावच्या बायका वेड्या झाल्या होत्या. पाणवठ्यावर आमची नक्कल चाले. एक घागर भरताना दुसरीला विचारी, "काय गं, कालवन काय केलंस?" ती सांगे, वांगं. मग पहिली तिच्याकडं पाठ करून म्हणे, "बरं, आता म्या काय इचारलं?" आणि सगळ्या खदखदून हसत. बाईंनी एकदा हे कानांनी ऐकलं. त्या थांबल्या, नीट ऐकून घेतलं, आणि मला म्हणाल्या, "बघ, त्यांना जमलं. साहेबांना अजून जमत नाही."

पण ह्या वेडातून काय निघे ते मी पिंपळीला पाहिलं. पाटाच्या पाण्यावर भाजीपाला करणारं घर. अंगणात दीड वर्षाचं पोर कोंबडीमागं धावत होतं. गाल असे की डोळे बारीक झालेले. त्याची आई विशीतली, हसरी.

"काल पोराला काय काय दिलंस?" बाईंनी भिंतीला विचारलं.

"काय न्हाय."

"सकाळी?"

"न्हाय."

"दुपारी?"

"न्हाय की वो बाई. म्या का खोटं सांगू?"

मी लिहिलं, काही नाही. माझी लेखणी पुढं सरकली होती. बाईंची मान हलली नाही.

"मी काय विचारलं, सांग बघू."

"तुमी इचारलं, पोराला काय वाढलं," ती म्हणाली. "पोराला कोन वाढतंय, बाई? त्याचं ताट कुठं हाय?"

बाई गर्रकन वळल्या. मांडीवरचं सूप उपडं झालं. "मग जेवतो कुठं तो?"

गोठ्याकडून उत्तर आलं. तिचे सासरे, सगळे त्यांना आबा म्हणत, बैलाच्या पाठीवर हात ठेवून हे सगळं ऐकत होते. "हितं जेवतो, माज्या मांडीवर. माज्या ताटातलं निम्मं ह्यो खातो, आन् सून गावभर सांगती, आबांचा आहार लई वाढलाय."

सून लाजून आत पळाली. आबांनी मग सगळं सांगितलं. भाकरीचा पापुद्रा ह्याचा, डाळीतली घट्ट डाळ ह्याची, गुऱ्हाळाकडून काकवी आली तर बोटं ह्याची. त्या घरात पोरानं कधी एकट्यानं खाल्लंच नव्हतं. आई सासऱ्यांना वाढी, सासरे नातवाला भरवत. आईनं पोराला काही दिलं नव्हतं, हे अक्षरशः खरं होतं.

परतताना बाई कालव्याच्या कडेनं लांब लांब ढांगा टाकत चालल्या होत्या आणि मी मागून धावत होते. "प्रश्न ज्यानं छापला ना, कोकण, त्याच्या घरी प्रत्येक पोराला ताट-वाटी असणार. त्याला वाटलं, सगळ्या जगात असते."

मला आमचं घर आठवलं. आम्ही चुलत-सख्खी सगळी पोरं एका केळीच्या पानावर जेवायला बसत असू. 

बाई चुकत नसत असं नाही. दृष्ट लागण्याच्या बाबतीत त्या चांगल्याच चुकल्या. इकडच्या बायका मूल खातंपितं असं तोंडानं कबूल करत नाहीत. पोर समोर भाकरी चघळत असलं तरी आई म्हणणार, काय खात न्हाय बघा, नुसतं हाडं हाडं झालंय. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते. हे कळल्यावर बाईंनी एक युक्ती काढली. घरात शिरल्याबरोबर त्या मुलाकडं बघून म्हणत, "अगं बाई, किती रोडावलंय हे!" मग बाया खूश होत. पाहुणीनं दृष्ट लावली नाही म्हणून मोकळेपणानं बोलत. बाई स्वतःवर फार खूश होत्या.

मग माळेगावला एका घरी त्यांनी तेच म्हटलं. अंधारात पोर नीट दिसलं नव्हतं. ते खरंच रोडावलेलं होतं.  त्याच्या आईनं त्याला उचललं, पदराखाली घेतलं आणि आमच्याकडं पाठ करून बसली. बाईंसारखीच, भिंतीकडं तोंड करून. तिची पाठ हलत होती. त्या घरात त्या दिवशी एकही प्रश्न विचारला गेला नाही. बाईंनी पोराला तपासलं, औषध दिलं, पुढं कित्येकदा वाट वाकडी करून तिथं गेल्या. पण ती युक्ती त्यांनी पुन्हा कधी केली नाही. मुलाबद्दल खोटं बोलायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही, असं त्यांनी मला बजावलं, जणू काही मीच बोलले होते.

साहेब आले होते ते माळेगावलाच, त्याच्या आधी की नंतर ते आता आठवत नाही. पाहणी फार सावकाश चालली आहे अशी त्यांची तक्रार होती. इतकी घरं व्हायला हवी होती, तितकी होत नव्हती. म्हणून त्यांनी स्वतः करून दाखवायचं ठरवलं. चावडीपुढं बायका जमवल्या, स्वतः खुर्चीवर बसले आणि कागद वाचायला लागले.

"मुलाला दूध देता का?"

"व्हय," सगळ्या बायका.

"पालेभाजी?"

"व्हय."

"अंडी?"

"व्हय," असं म्हणणाऱ्यांत एक माळकरी म्हातारी होती, जिच्या घरात कोणी लसणालासुद्धा हात लावत नसे.

साहेबांनी कागदाची घडी घातली. "पाहिलंत? अर्धं गाव झालं."

बाई छत्रीवर टेकून उभ्या होत्या. त्यांनी त्या म्हातारीला हळूच विचारलं, "आजी, साहेबांनी काय विचारलं?"

"सायबानं इचारलं, समदं बरं हाय का," म्हातारी म्हणाली. "आमी म्हनलं, व्हय. येवढ्या लांबनं आलाय बिचारा, न्हाय कसं म्हनायचं?"

बायका हसल्या, साहेब हसले नाहीत. "बाई, तुमच्या चालीनं ही पाहणी ही पोरं मोठी होईपर्यंत चालेल."

"चालू दे की," बाई म्हणाल्या. "मग त्यांनाच विचारू."

मी हे सगळं बघत होते, लिहीत होते, मनातल्या मनात हसत होते. दुसऱ्यांच्या पोरांचा घास न् घास माझ्या अक्षरात उतरत होता. आणि माझी पोर ह्या सगळ्या वेळात सोनाक्कांकडं असे.

सोनाक्का आमच्या भिंतीला भिंत लावून राहत. स्वभावानं मायाळू, आवाजानं दांडग्या. त्यांचे दोन मुलगे, एक चार वर्षांचा, एक तीन. मी कामाला जाताना दुधात भाकरी कुस्करून वाडगाभर त्यांच्याकडं देई. संध्याकाळी परतले की वाडगा चाटूनपुसून लख्ख. "वैनी, समदं खाल्लं बघा," असं सोनाक्का रोज सांगत. मला केवढा धीर वाटे. एवढं खाते, तरी मंद का? मग एक दिवस मला तिचे पाय जरा गुबगुबीत झालेले दिसले. मी देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, लागलं एकदाचं अंगी.

आम्ही कळसला गेलो तो दिवस त्यानंतरचाच. मेंढरं राखणारं घर होतं. आता थोडी शेतीही करत होते. बाईंनी भिंत नव्हती म्हणून लिंबाच्या झाडाकडं तोंड केलं आणि विचारलं, "पोराला दूध देतेस का?"

"न्हाय," ती धनगरीण म्हणाली.

"मी काय विचारलं?"

"दूध देती का म्हून. म्या कशाला देऊ? त्ये बगा."

शेळीखाली तिचं पोर बसलं होतं आणि करडाला बाजूला सारून स्वतःच लुचत होतं. करडू बिचारं पलीकडं उभं. बाई इतक्या हसल्या की त्यांना झाडाला धरावं लागलं. मी मात्र लिहायची थांबले होते. मी त्या बाईला पोराचं वय विचारलं. ते माझ्या मुलीएवढंच निघालं. माझ्या मुलीच्या दुप्पट होतं ते. शेळीचा पाय धरून ते आपल्या पायावर उभं राहिलं. माझी मुलगी एव्हाना उभं राहणं सोडून बसून राहू लागली होती.

परतीच्या मोटारीची वाट बघत आम्ही रस्त्याकडेला एका झाडाखाली बसलो. बाईंनी माझ्याकडं बघितलं.

"कोकण, काल तुझ्या मुलीला काय दिलंस?"

मला सगळं पाठ होतं. "सकाळी अंगावरचं थोडं. मग दुधात कुस्करलेली भाकरी, वाडगाभर. रात्री वरणाचं पाणी, त्यात भाकरी."

"खाते?"

"सगळं खाते. वाडगा रिकामा येतो."

बाईंनी माझ्याकडं पाठ केली. मला आधी हसू आलं, आणि मग ते गेलं.

"मी काय विचारलं, सांग बघू."

"मुलगी खाते का."

"आणि तू काय सांगितलंस?"

 मी वाडग्याचं सांगितलं होतं.

"खाताना कधी बघितलंस तिला?" बाईंनी झाडाकडंच बघत विचारलं. "दिवसा?"

मोटार आली.  त्यांनी रागावून काही बोलावं असं मला वाटत होतं. पण त्या फक्त म्हणाल्या, "उद्या इंदापूर नाही. उद्या तुझ्याकडं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माझ्याच खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. "तुला बघितलं की ती तुझ्याकडं येईल, मग काय कळणार?" स्वतः सोनाक्कांच्या ओट्यावर गेल्या, मुलगी काय खाते ते विचारलं आणि रस्त्याकडं तोंड करून बसल्या. पण त्या दिवशी त्यांची मान हळूहळू मागं वळत होती, ते मला फटीतून दिसत होतं.

सोनाक्कांनी परात आणली. त्यात त्यांच्या मुलांची भाकरी आणि कालवण, आणि त्यातच एका बाजूला माझ्या वाडग्यातलं सगळं. तिन्ही पोरं भोवती बसवली. "एका परातीत बसली की भांडत भांडत चार घास जास्ती खात्यात, बाई," सोनाक्का मोठ्या कौतुकानं सांगत होत्या. आणि त्या चुलीकडं वळल्या.

मुलं काही दुष्ट नव्हती. समोर होतं ते खात होती, जशी रोज खात. माझ्या मुलीनं हात घातला, एक घास उचलला, तोंडात ठेवला. बाजरी तिला चावेना. तिनं तो गालात धरला. तिचा हात दुसऱ्यांदा परातीकडं गेला तोवर धाकट्यानं तळ पुसून घेतला होता. तिनं परातीकडं बघितलं आणि हात मांडीवर ठेवला. रडली नाही. तिला ते रोजचं होतं.

सोनाक्का आल्या. "बघा, समदं खाल्लं."

"सोनाक्का," बाई म्हणाल्या, "मी काय विचारलं होतं?"

"पोरगी काय खाती त्ये."

बाईंनी मुलीला जवळ घेतलं, बोटानं तिचा गाल उघडला आणि तो भाकरीचा गोळा बाहेर काढला. तसाच होता, ओला, न गिळलेला.

"आता गं बया!" सोनाक्का खाली बसल्या. मग एकदम आवाज चढला. "म्हंजी माजी पोरं हिच्या तोंडचं खात्यात, असं म्हना की सरळ! म्या काय पोरीचं वाईट चितलं व्हय?"

"तसं कोणीच म्हटलं नाही. ती परातीतलं खातात, परात त्यांचीच आहे. हिला त्यात जागा करून घेता येत नाही, एवढंच."

सोनाक्का रडायला लागल्या. मी दार उघडून बाहेर आले. बाईंनी मुलीचा पाय हातात घेतला होता, तो गुबगुबीत पाय. त्यांनी अंगठा दाबून काढला. खड्डा पडला, आणि तो तसाच राहिला. भरून येईना.

"हे बाळसं नाही, कोकण," त्या म्हणाल्या. एवढंच. मी ज्याच्यासाठी साखर ठेवली होती ती सूज होती.

त्याच दिवशी तिला ताप भरला आणि जुलाब लागले. बाई मुक्काम हलवून आमच्या खोलीत आल्या. बूट दाराशी आणि छत्री कोपऱ्यात. पेज कशी करायची ते मला कळत होतं, पण किती आणि कधी द्यायची ते बाईंना. चमच्या चमच्यानं, थांबून थांबून, पातळ पेज, मग दुधाची, मग जरा घट्ट. मुलगी तोंड फिरवी. बाई पुन्हा चमचा पुढं करत. तालुकाभर आयांकडं पाठ करून बसणारी ही बाई माझ्या मुलीच्या अगदी समोर मांडी घालून बसे, आणि घास गिळला जाईपर्यंत तिच्या गळ्याकडं बघत राही. गिळला की "गेला" म्हणे. दिवसभर खोलीत तेवढाच शब्द.

तांदूळ सोनाक्कांनी आणला. कुठून, किती, काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात तांदूळ सणावारी येई हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या थोरल्याच्या बारशाला माहेरून आलेली छोटी पितळी ताटली होती, ती घासून आणून ठेवली. "ही आता हिची. पोरं बसतील बाजूला. मी बसती हिच्या पुढ्यात." त्या खरंच बसल्या. पुढंही, बाई गेल्यावरही. एवढा मोठा आवाज त्या ताटलीपुढं कुजबुजत असे.

यजमान चौकीवरून आले तेव्हा मुलगी उशीला टेकून बसली होती. सूज उतरल्यावर ती केवढीशी उरली होती. ते घाबरलेच. पण बाईंना ती सूज उतरायलाच हवी होती. मग एक दिवस तिनं बाईंच्या हातातला चमचा स्वतःच ओढला. पेज सगळी बाईंच्या लुगड्यावर सांडली. त्या लुगड्याकडं बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "आता ही भांडेल."

इकडं इंदापूरची घरं तशीच राहिली होती. साहेब टांगा करून आमच्या दारात आले, आत आले नाहीत.

"बाई, ह्या इतक्या दिवसांत किती घरं झाली?"

"एक."

"एक?"

"हो. पण पुरं झालं."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनाही वर कोणाला तरी सांगायचं होतं. पण त्या उत्तरावर ते तसेच टांग्यात जाऊन बसले. थोड्याच दिवसांत कळलं की पाहणी दुसऱ्याकडं गेली आणि बाईंची रवानगी खानदेशाकडं, देवी टोचण्याच्या कामावर. माझंही काम संपलं. मला माझ्या कामाचं काही वाटलं नाही. पण बाईंनी ज्यासाठी आयुष्यातले एवढे दिवस भिंतीकडं तोंड करून घालवले होते, ते काम माझ्या मुलीच्या उशाशी गेलं. त्यांनी ते एकदाही बोलून दाखवलं नाही.  

दौंडला जाणाऱ्या छोट्या आगगाडीवर मी त्यांना पोचवायला गेले. मुलगी कडेवर. सोनाक्कांनी शिदोरी दिली होती. मी वाकून पाया पडायला गेले तर बाईंनी पाय मागं घेतले.

"नको. पाया पडलं की माणसाला वाटतं, फिटलं. मला फिटवून टाकू नकोस."

गाडी हलल्यावर त्यांनी खिडकीतून मुलीला विचारलं, "काय गं, आज काय खाल्लंस?" मुलीला अजून बोलता येत नव्हतं. तिनं त्यांच्या छत्रीकडं हात केला. बाई तोंडभर हसल्या, आणि गाडी गेली.

मुलगी आता शाळेत जाते. तिच्या शाळेला खाडी आड येत नाही. मी इथल्या दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताखाली असते. पोरांना घेऊन बायका येतात. मी त्यांना काल काय दिलं ते विचारत नाही. पोर जेवतं तेव्हा जवळ कोण असतं, ते विचारते. मग पुढचं त्याच सांगतात.

बाई अजून तिकडंच आहेत असं कळतं. एकट्याच राहतात. गुडघे दुखतात तरी पायी फिरतात, असं तिकडून बदलून आलेले एक कंपाउंडर सांगत होते. त्यांना विचारलं, घरी करायला कोण आहे? ते म्हणाले, कोणी दिसत नाही. त्या रात्री मी यजमानांना सांगितलं, आपल्या घरात पुढंमागं एक माणूस वाढणार आहे. कोण, हे त्यांनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "मागची खोली द्यावी लागेल. तिथं दुपारचं ऊन येत नाही."

बाई, तुम्ही थकलात की कळवा. तुमचं म्हातारपण माझ्याकडं. तुम्ही कळवणार नाही हेही मला ठाऊक आहे, म्हणून मीच येईन, मुलीला घेऊन, आणि तुम्हाला घेतल्याशिवाय परत फिरणार नाही.